खत्ते-सरतानच्या दक्षिणेला

भूगोलाच्या तासाला कर्कवृत्त शिकवताना उर्दू शाळेत एक गंमत दरवर्षी होते. आमच्या उर्दू पाठ्यपुस्तकात कर्कवृत्ताला 'खत्ते-सरतान' म्हणतात. सरतान म्हणजे खेकडा आणि सरतान म्हणजे कॅन्सरही. त्यामुळे वर्गातले कुणी ना कुणी हात वर करून विचारतेच, की ही कॅन्सरची रेषा आपल्या गावावरून जाते का? आम्ही सांगतो, ती गुजरात, मध्य प्रदेशावरून जाते. आपला अख्खा महाराष्ट्र तिच्या दक्षिणेला आहे. म्हणजे आपण सारे उष्ण कटिबंधात, पुस्तकी उर्दूत सांगायचे तर 'मिंतका-ए-हार्रा'त राहतो.

मग या पट्ट्याची वैशिष्ट्ये फळ्यावर येतात. भरपूर पाऊस, दमट हवा, भातशेती, घनदाट जंगले, हिवताप. मुले लिहून घेतात आणि परीक्षेत तशीच उतरवतात. पण या पट्ट्यात राहणाऱ्या माणसाच्या मनाचे आणि मेंदूचे काय होते, याबद्दल पुस्तकात एक ओळ नाही. आम्ही बी.एड. केले तेव्हा शैक्षणिक मानसशास्त्राचा पेपर होता. त्यात पाव्हलॉवचा कुत्रा भेटला, थॉर्नडाइकची मांजर भेटली, स्किनरचे उंदीर आणि कबुतरे भेटली. कोकणातल्या मोहल्ल्यातले, पावसात भिजत शाळेत येणारे, बाप आखातात आणि आजी घरात असलेले मूल काही त्या पेपरात भेटले नाही.

आम्ही डॉक्टर नाही, संशोधक तर नाहीच. उर्दू माध्यमाच्या शाळेत भूगोल आणि विज्ञान शिकवणारी आम्ही साधी माणसे. तरीही गेली काही वर्षे मेंदूच्या आजारांवर जे मिळेल ते वाचतो आहोत. त्याला कारण आमच्या शाळेतली एक मुलगी.

ती तेव्हा सातवीत होती. प्रार्थना चालू असताना उभ्या जागी कोसळली. उजवा हात आणि तोंडाची एक बाजू झटके देत होती, मग सारे शरीर. दोन-तीन मिनिटांत थांबले. पुढच्या पंधरा दिवसांत आणखी दोनदा झाले. घरात आजीने निदान केले, 'बाहेरचे आहे.' भर दुपारी विहिरीवर गेली होती, तिथे साया पडला. मग झाडफूक झाली, ताविज झाला, एका दर्ग्यावर तीन जुमेरात हजेरी झाली. झटके थांबले नाहीत. वडील मस्कतहून रजेवर आले तेव्हा तिला शहरातल्या इस्पितळात नेले. सी.टी. स्कॅन झाला. मेंदूत एक छोटी गोल गाठ दिसली, वाटाण्याएवढीही नसेल. डॉक्टरांनी मान वर न करता एकच प्रश्न विचारला, 'डुकराचे मांस खाता का?'

वडील संतापून परत आले. रात्री रिपोर्ट घेऊन आमच्याकडे आले. म्हणाले, 'सर, आमच्या घरात सात पिढ्यांत त्या जनावराचं नाव कुणी तोंडावर आणलेलं नाही. आणि माझ्या पोरीच्या डोक्यात त्याचा किडा? हा माणूस डॉक्टर आहे की काय आहे?' त्यांना आजारापेक्षा त्या शब्दाचे दुःख जास्त होते. पण मोहल्ल्यात शब्द पसरायला वेळ लागत नाही. कुणी म्हणाले, मुंबईला नातेवाइकांकडे राहिली होती, तिथे काहीतरी खाल्ले असेल. कुणी म्हणाले, आता हिचे लग्न कसे होणार? मुलीचे शाळेत येणे बंद झाले. गोळ्या आणल्या होत्या, त्या डब्यात राहिल्या, कारण गोळी घेणे म्हणजे तो आरोप कबूल करणे, असे घरच्यांना वाटू लागले.

या आजाराला न्यूरोसिस्टिसर्कोसिस म्हणतात. नाव जड आहे, पण त्यामागचे चक्र सातवीच्या मुलालाही समजेल असे आहे. आम्ही ते त्या रात्री वहीच्या पानावर काढून दाखवले. कच्चे किंवा अर्धकच्चे डुकराचे मांस जो खातो, त्याच्या आतड्यात फितीसारखा लांब जंत वाढतो. त्याच्या मेंदूत तेवढ्याने काही जात नाही. पण त्या जंताची अंडी शौचावाटे बाहेर पडतात. ती उघड्यावर पडली की पाण्यात जातात, भाजीच्या मळ्यात जातात, न धुतलेल्या हाताला चिकटतात. ही अंडी ज्याच्या पोटात जातील त्याच्या रक्तातून अळी मेंदूपर्यंत पोहोचू शकते. तो माणूस मांस खाणारा असो, शाकाहारी असो, हाजी असो की जैन. आजार ताटातल्या हराम पदार्थाने होत नाही. दुसऱ्या कुणाच्या तरी विष्ठेचा अंश कोथिंबिरीच्या जुडीवरून आपल्या तोंडात गेला, की होतो.

वडिलांना हे पटेना. तेव्हा आम्ही त्यांना न्यूयॉर्कची हकिकत सांगितली. तिथल्या कट्टर ज्यू वस्तीत, जिथे डुक्कर आपल्याइतकेच निषिद्ध आहे, काही जणांना झटके येऊ लागले आणि मेंदूत हीच अळी सापडली. १९९२ साली त्यावर शोधनिबंध प्रसिद्ध झाला. तपास केल्यावर संशय गेला तो हा जंत जिथे सर्रास आढळतो अशा देशांतून आलेल्या घरकामगारांवर. त्यांच्यापैकी कुणाच्या आतड्यात जंत असावा आणि अंडी स्वयंपाकघरातून घरच्यांपर्यंत गेली असावीत. हे ऐकल्यावर वडील बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, 'म्हणजे हे पाण्याचं आणि हाताचं आहे.' आम्ही म्हटले, होय, पाण्याचे आणि हाताचे आहे. आणि बोट कुठे दाखवायचेच असेल तर डुकरे पाळणाऱ्या गरीब वस्तीकडे दाखवू नका. जिथे संडास नाही, नळ नाही, तिथे ती सोय न करणाऱ्यांकडे दाखवा.

मुलीने गोळ्या सुरू केल्या. काही महिन्यांनी पुन्हा स्कॅन झाला तेव्हा गाठ विरलेली होती. पुढे डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळ्या हळूहळू बंद झाल्या. ती दहावी झाली.

हे सारे आठवण्याचे कारण वेगळे आहे. ती छोटी गोल गाठ म्हणजे काय, हे भारतीय डॉक्टरांनाही फार काळ ठाऊक नव्हते. सी.टी. स्कॅनची यंत्रे आपल्याकडे आली आणि झटके येणाऱ्या मुलामुलींच्या मेंदूत अशी एकेकटी गाठ दिसू लागली, तेव्हा बहुतेकांनी ती क्षयाची मानली. आपला देश क्षयाचा, तेव्हा तर्क सरळ होता. मुलांना महिनोन् महिने टी.बी.ची औषधे दिली गेली. पाश्चात्त्य ग्रंथांत उत्तर नव्हते, कारण तिथल्या मुलांना ही गाठ फारशी होतच नव्हती. उत्तर शोधले वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातल्या डॉक्टरांनी. चांडी, राजशेखर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा गाठी काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. क्षय नव्हता, अळी होती. १९८९ मध्ये त्यांचे काम लॅन्सेटमध्ये छापून आले. पुढे यातल्या बऱ्याच गाठी आपोआप विरतात, हेही इथल्याच डॉक्टरांनी दाखवले. कितीतरी मुले उगाच होणाऱ्या शस्त्रक्रियेतून आणि उगाच दिल्या जाणाऱ्या औषधांतून वाचली. आमची विद्यार्थिनी त्यांपैकीच एक. तिच्या जन्माच्या आधी कर्कवृत्ताच्या दक्षिणेला कुणीतरी हा प्रश्न स्वतःचा मानून सोडवून ठेवला होता. उष्ण कटिबंधाला स्वतःची मेंदू-संशोधन संस्था कशाला हवी, असे कुणी विचारले तर आम्ही एवढेच उदाहरण देतो.

इंग्रजांनी उष्ण प्रदेशाच्या आजारांचा अभ्यास केला नाही, असे नाही. लिव्हरपूलला १८९८ मध्ये आणि लंडनला १८९९ मध्ये उष्णदेशीय वैद्यकाच्या शाळा निघाल्या. रोनाल्ड रॉसने सिकंदराबादेत १८९७ साली डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू पाहिला, तो आपल्याच भूमीवर. पण तापांचा हा अभ्यास मुख्यतः साम्राज्याच्या गरजेतून झाला. सैनिक, अधिकारी, मळेवाले जगले पाहिजेत, हा हिशेब. मनाच्या बाबतीत तर 'ट्रॉपिकल न्यूरस्थेनिया' नावाचा एक आजारच कल्पिला गेला. उष्ण हवेने गोऱ्या माणसाच्या मज्जातंतूंना थकवा येतो, तो चिडचिडा आणि उदास होतो, म्हणून त्याला रजेवर मायदेशी पाठवावे. त्याच उन्हात त्याचा पंखा ओढणाऱ्याच्या मज्जातंतूंचे काय, हा प्रश्न कुणाला पडला नाही. वेड्यांची इस्पितळेसुद्धा वेगळी. रांचीला १९१८ मध्ये खास युरोपियनांसाठी इस्पितळ निघाले. देशी माणसांसाठी 'ल्युनॅटिक असायलम' होते, म्हणजे उंच भिंती आणि कोंडवाडा. त्या भिंतींची दहशत अजून आपल्या भाषेत आहे. 'याला ठाण्याला पाठवा', 'येरवड्याला जागा आहे का बघा', हे आपण आजही हसत बोलतो. आमच्या कोकणात त्याच सुरात रत्नागिरीचे नाव घेतले जाते.

असल्याच एका कोंडवाड्यातून आपली सर्वांत मोठी संस्था उभी राहिली, म्हणून तिची कथा प्रत्येक शिक्षकाला ठाऊक असावी असे आम्हाला वाटते. बंगळूरला १८४७ मध्ये असायलम सुरू झाले. म्हैसूर संस्थानने १९२५ मध्ये त्याचे नाव बदलून मेंटल हॉस्पिटल केले. असायलम म्हणजे ठेवण्याची जागा, हॉस्पिटल म्हणजे बरे करण्याची. नाव बदलल्याने सारे बदलत नाही, पण सुरुवात तिथूनच होते. पुढे सर मिर्झा इस्माईल दिवाण होते त्या काळात हे इस्पितळ आजच्या मोकळ्या, झाडांच्या आवारात आले. बंगळूर-म्हैसूरच्या बागा आणि रस्त्यांसाठी मिर्झासाहेबांचे नाव आपले लोक अभिमानाने घेतात. मनोरुग्णांना उजेड आणि हवा मिळाली ती त्यांच्याच कारभारात, हेही त्या अभिमानात धरावे.

१९४६ मध्ये भोर समितीचा अहवाल आला. तेव्हा सबंध हिंदुस्थानात मनोरुग्णांसाठी जेमतेम दहा हजार खाटा होत्या. समितीने सांगितले, केवळ खाटा वाढवून भागणार नाही, माणसे तयार करणारी आणि संशोधन करणारी संस्था हवी. त्यातून १९५४ मध्ये बंगळूरलाच अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था निघाली. डॉ. एम. व्ही. गोविंदस्वामी तिचे पहिले संचालक. २७ डिसेंबर १९७४ रोजी ती संस्था आणि शेजारचे जुने इस्पितळ एक झाले आणि निम्हान्स म्हणजे राष्ट्रीय मानसिक आरोग्य व चेताविज्ञान संस्था जन्माला आली. पहिले संचालक डॉ. आर. एम. वर्मा, हे मेंदूचे शल्यविशारद. मनाच्या संस्थेचा प्रमुख मेंदूवर शस्त्रक्रिया करणारा, यातच त्या संस्थेचा विचार दिसतो. मन एका इमारतीत आणि मेंदू दुसऱ्या, अशी वाटणी तिने मानली नाही. असायलमपासून संस्थेपर्यंत यायला १२७ वर्षे लागली.

ही वाटणी नसण्याचा उष्ण कटिबंधात मोठा उपयोग आहे. इथे माणूस अचानक असंबद्ध बोलू लागला तर तो मनाचा आजार असेल, हिवताप मेंदूत गेला असेल, जपानी मेंदूज्वर असेल, क्षयाचा मेंदूज्वर असेल किंवा पिसाळलेल्या कुत्र्याचा चावा असेल. आजी या सगळ्याला एकच नाव देते, 'असर'. आजीला हसू नये. लक्षणे खरोखर एकसारखी दिसतात. ती वेगळी करायची तर मानसोपचारतज्ज्ञ, मेंदूतज्ज्ञ आणि विषाणूतज्ज्ञ एका टेबलाशी बसावे लागतात.

निम्हान्सच्या कामातला एक विषय आमच्या विशेष लक्षात राहिला आहे. काही माणसांना डोक्यावर कढत पाण्याचे तांबे ओतून अंघोळ करताना झटका येतो. दक्षिण कर्नाटकात याचे इतके रुग्ण आढळले, की डॉ. सतीशचंद्र आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा अनेक वर्षे अभ्यास केला. शॉवरखाली उभे राहणाऱ्या देशांत हा आजार सहसा कुणाच्या नजरेस पडत नाही. डोक्यावर भराभर तांबे ओतण्याची रीत ज्याला ठाऊक आहे, त्यालाच हा प्रश्न दिसतो. उपायही घरगुती निघाला. पाणी कोमट घ्या आणि डोक्यावर हळू ओता, बऱ्याच जणांना एवढ्यानेच आराम पडतो. काहींना गोळी लागते. जुम्याच्या गुस्लला आमच्याकडेही हंडाभर कढत पाणी असते. कुणाला न्हाणीघरात चक्कर आली की आपण जिन्नांची वस्ती तिथे दाखवतो. आधी पाण्यात हात घालून पाहावे.

असे प्रश्न आपल्या जीवनात कितीतरी आहेत. रमजानचेच घ्या. मनाच्या एका आजारावर लिथियम नावाचे औषध देतात. शरीरातले पाणी कमी झाले तर रक्तात त्याचे प्रमाण धोकादायक वाढू शकते. मग एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात चौदा तास पाणी न पिता रोजा धरणाऱ्याने काय करावे? हा प्रश्न नॉर्वेच्या प्रयोगशाळेला पडणार नाही. तो पेशावरच्या डॉक्टरांना पडला. त्यांनी रोजा धरणाऱ्या रुग्णांच्या रक्तातले लिथियम रमजानच्या आधी, रमजानमध्ये आणि नंतर मोजले आणि २०१० मध्ये निष्कर्ष छापला. त्यांच्या रुग्णांत मोठा फरक आढळला नाही. म्हणून प्रत्येकाने स्वतःच्या मनाने ठरवावे असे नव्हे, आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. पण मोजून दिलेले उत्तर आणि अंदाजाने दिलेले उत्तर यात फरक असतो, एवढे त्यातून कळते. मिरगीच्या गोळ्यांचे तसेच. तरावीह आणि सहरीने झोप मोडते, दुपारची गोळी चुकते, आणि झोप व गोळी चुकली की झटका येतो. कोकणातल्या, मराठवाड्यातल्या, मालेगावच्या किती रुग्णांना रमजानमध्ये असे होते, हे कुणी मोजावे?

नजरेसमोर असून न मोजलेल्या गोष्टीची किंमत महाराष्ट्राला ठाऊक असायला हवी. १९६५ मध्ये नागपूरजवळच्या चांदीपुरा येथील तापाच्या रुग्णांच्या रक्तात पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राला एक नवा विषाणू सापडला. गावाच्या नावावरून त्याचे नाव चांदीपुरा पडले. तो फारसा घातक नाही असे समजून जवळजवळ चार दशके त्याच्याकडे कुणाचे मोठेसे लक्ष गेले नाही. २००३ च्या उन्हाळ्या-पावसाळ्यात आंध्र प्रदेशात मुलांना ताप, झटके आणि बेशुद्धी येऊ लागली. ३२९ मुले आजारी पडली, त्यांतली १८३ दगावली. पुण्याच्या त्याच संस्थेने शोध घेतला, तेव्हा चांदीपुरा विषाणू पुढे आला. आपल्याकडे विदर्भातही तो दिसला. २०२४ मध्ये गुजरातेत त्याने पुन्हा मुलांचे बळी घेतले. मातीच्या घरांच्या भेगांत राहणारी वाळूमाशी तो पसरवते. पुण्याची संस्था नसती तर हेही कळले नसते. पण विषाणू नळीत ओळखणारी संस्था आणि झटक्याने कोसळलेले मूल यांच्यामध्ये अजून फार अंतर आहे.

आता थोडे घरचे बोलू. ६ ऑगस्ट २००१ ही तारीख आपल्या समाजाने विसरू नये. तामिळनाडूत रामनाथपुरम जिल्ह्यात एरवाडीचा दर्गा आहे. दुवेने आराम पडेल म्हणून लोक मनोरुग्णांना तिथे आणतात. सभोवती खासगी आश्रयगृहे निघाली होती. त्यांतल्या एकाच्या झोपडीला त्या पहाटे आग लागली. रुग्ण साखळदंडाने बांधलेले होते. २८ जण जळून मेले. त्यांना पळता आले नाही. ते सगळ्या धर्मांचे होते, आणि त्यांना तिथे आणणारे त्यांचे वैरी नव्हते. ती आई-बापे, भावंडे होती, ज्यांना जवळपास दुसरे दार माहीत नव्हते. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. पुढे २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मनोरुग्णाला साखळीने बांधणे सरळ मना केले.

या घटनेवर आपल्याकडे दोन प्रकारची मते ऐकू येतात. एक म्हणते, दर्ग्यावर रुग्ण नेणे बंद करा. दुसरे म्हणते, आमच्या श्रद्धेत डॉक्टरांनी नाक खुपसू नये. आम्हाला या दोन्हींपेक्षा गुजरातेतला प्रयोग जास्त शहाणपणाचा वाटतो. मेहसाणा जिल्ह्यात उनावा येथे मीरा दातारचा दर्गा आहे. २००८ च्या सुमारास तिथे 'दवा आणि दुवा' या नावाने काम सुरू झाले. दर्ग्याच्या आवारातच मानसोपचारतज्ज्ञ बसू लागले. मुजावरांना आजाराची लक्षणे ओळखायला शिकवले. मुजावर दुवा करतो आणि म्हणतो, आता त्या खोलीत जाऊन दवाही घ्या. श्रद्धा सोडा असे रुग्णाला कुणी सांगितले नाही, म्हणून तो दवा घेऊ लागला. आफ्रिकेत नायजेरियाच्या आबेओकुटा गावी डॉ. लॅम्बो यांनी १९५४ पासून असेच केले होते. रुग्ण आणि त्याचे नातेवाईक इस्पितळाजवळच्या खेड्यांत घरे घेऊन राहत आणि गावातले पारंपरिक वैदू डॉक्टरांबरोबर काम करत. पन्नासच्या दशकात अमृतसरला डॉ. विद्यासागर यांनी इस्पितळाच्या आवारात तंबू ठोकून रुग्णांच्या घरच्यांना सोबत ठेवले होते. माणसाला कुटुंबापासून तोडून बरे करता येत नाही, ही गोष्ट उष्ण पट्ट्यातल्या डॉक्टरांनी आपापल्या अंगणात शोधून काढली.

आपल्या परंपरेलाही हे परके नाही. नवव्या-दहाव्या शतकात अबू झैद अल-बल्खी यांनी शरीराच्या आणि नफ्सच्या स्वास्थ्यावर एकाच ग्रंथात लिहिले. हलब शहरात १३५४ मध्ये बांधलेल्या अर्गुन बिमारिस्तानात मनोरुग्णांसाठी स्वतंत्र दालने आणि वाहत्या पाण्याची कारंजी होती. आपण या गोष्टी जलशांत अभिमानाने सांगतो. पण त्या लोकांनी इस्पितळे बांधली, वक्फ त्यासाठी लावले. नुसता अभिमान सांगून तेवढे होत नाही.

मग प्रश्न उरतो तो आपल्या राज्याचा. निम्हान्सने २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणी केली. प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कोणता ना कोणता मनाचा आजार होता. देशात सुमारे १५ कोटी लोकांना मदतीची गरज होती. त्यांतल्या बहुतेकांपर्यंत उपचार पोहोचलेला नव्हता. पाहणी बारा राज्यांत झाली. त्या बारांत महाराष्ट्र नव्हता. म्हणजे मस्कत-कुवेतला नवरा असलेल्या, रात्री 'जी घबराता' म्हणून उठून बसणाऱ्या आमच्या बायका त्या आकड्यांत नाहीत. विदर्भातला शेतकरी नाही. भिवंडी-मालेगावच्या मागावर रात्रपाळी करणारा नाही.

महाराष्ट्राकडे काही नाही असेही नाही. पुण्यात विषाणू संस्था आहे, महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्था आहे. ठाणे, पुणे, नागपूर, रत्नागिरी इथे चार जुनी मनोरुग्णालये आहेत. आमच्या मते कमी आहे ती या सर्वांना एका प्रश्नाभोवती बसवणारी जागा. उष्ण, दमट, दाट वस्तीच्या या प्रदेशात मन आणि मेंदू कसे आजारी पडतात, हा तो प्रश्न. बंगळूरवाल्यांनी १९८५ मध्ये बेल्लारी जिल्ह्यात दाखवून दिले, की गावातल्या आरोग्य सेवकाला शिकवले तर उपचार तालुक्यापर्यंत नेता येतो. पुढे १९९६ मध्ये देशाचा जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम त्याच नमुन्यावर निघाला. तसे एखादे केंद्र कोकणात निघावे, अशी आमची मागणी आहे. रत्नागिरीच्या जुन्या भिंतींना त्याचा आधार मिळावा आणि त्या गावाचे नाव शिवीसारखे घेण्याची सवय मोडावी.

ही मागणी सरकारकडे आहे, पण काही काम आपल्याकडेही आहे. कसलीही संशोधन संस्था माणसांच्या सांगण्यावर चालते. लोकांनी सांगितले नाही तर मोजणार काय? आपण आजार लपवतो. मुलीला झटका आला तर लग्नापर्यंत लपवतो, मुलाला भास होऊ लागले तर घरात कोंडतो. विचारणाराही आपल्या बोलीचा नसतो. 'तुम्हाला निराश वाटते का?' असे शुद्ध मराठीत विचारले तर आमची दादी 'नाही' म्हणेल. 'दिल बैठता है का?' विचारले तर तासभर बोलेल. या प्रश्नावल्या आपल्या जबानीत आणायला आपल्यातून मानसशास्त्र, परिचर्या, वैद्यक शिकलेली मुले हवीत. आमच्या उर्दू शाळांतून आता मुली विज्ञान शाखेला जाऊ लागल्या आहेत. त्यांच्या आई-बापांना आम्ही सांगतो, डॉक्टर झाली तर उत्तम, पण मनाचा आणि मेंदूचा अभ्यास करणारीही समाजाला हवी आहे.

आमच्या शाळेपुरते आम्ही थोडे सुरू केले आहे. राष्ट्रीय जंतनाशक दिनाला मुलांना अल्बेंडाझोलची गोळी देतो, तेव्हा हात धुण्याचा आणि भाजी धुण्याचा धडाही घेतो. ती गोळी मेंदूतल्या अळीचा उपचार नव्हे, हेही सांगतो, कारण तो डॉक्टरांच्या देखरेखीखालीच होतो. कोणत्या मुलाला झटके येतात याची माहिती घरच्यांच्या परवानगीने ठेवतो आणि गोळी चुकू नये म्हणून आठवण करतो. मदरशाच्या मौलानांशीही बोललो. त्यांनी मशिदीच्या नोटीस बोर्डावर टेली-मानसचा १४४१६ हा नंबर लावू दिला. ही सरकारी सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. दिवसरात्र केव्हाही मोफत फोन करता येतो.

आणि मुख्याध्यापकांच्या कार्यालयाबाहेर उर्दू-मराठीत एक फलक लावला आहे. झटका आलेल्या मुलाला कुशीवर वळवा. डोक्याखाली दप्तर किंवा दुपट्टा ठेवा. तोंडात चमचा घालू नका. चप्पल आणि कांदा हुंगवू नका. हातपाय दाबून धरू नका. घड्याळ बघा, पाच मिनिटांत थांबले नाही तर गाडी काढा. शुद्धीवर आल्यावर त्याला एकटे सोडू नका, आणि कुणी हसू नका.